मंडपातला चंद्र आणि विक्रमचा हिशेब

२०१९ साली लालबागच्या राजाच्या मागे चंद्र उभा राहिला. चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी मुखदर्शनाचा पडदा सरकला, फोटोवाल्यांची झुंबड उडाली आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या मुंबईला कळलं की यंदा राजाची आरास चांद्रयान-२ ची. अंतराळाचा देखावा आणि त्यात तरंगणारे अंतराळवीर. आता, चांद्रयान-२ मध्ये माणूस नव्हताच. एक ऑर्बिटर, ‘विक्रम’ नावाचा लँडर आणि त्याच्या पोटात २७ किलोची ‘प्रज्ञान’ ही सहा चाकांची गाडी, एवढाच संसार. पण मंडपातल्या गर्दीला हातपाय असलेलं काहीतरी दिसावं लागतं. चार पायांची सोनेरी पेटी बघायला दहा-बारा तास रांगेत कोण उभं राहील?

त्या आरासीतली खरी गंमत वेगळीच होती. मंडळं देखावे करतात ते होऊन गेलेल्या गोष्टींचे: कुठला गड, कुठलं मंदिर, कुठली लढाई, फार तर त्या वर्षी गाजलेली बातमी. इथे मात्र बातमी अजून व्हायची होती. यान उतरलेलं नव्हतं आणि मंडप सजून तयार होता. पेरू चाळीतला बाजार उठला तेव्हा कोळी आणि फेरीवाले यांनी नवस बोलून १९३४ मध्ये बसवलेला हा गणपती. जे अजून घडलेलं नाही ते घडणार असं धरून चालायची त्याच्या भक्तांना सवयच आहे.

शिवाय गणपती आणि चंद्र यांचं जुनं वैर. उंदरावरून घसरलेल्या गणपतीला चंद्र हसला, गणपतीने शाप दिला, म्हणून भाद्रपदातल्या चतुर्थीला चंद्राकडे बघायचं नाही, बघितलं तर चोरीचा आळ येतो, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. २०१९ ची गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती, सोमवारी. घरोघरी प्राणप्रतिष्ठा आटपून आरत्या चालल्या होत्या, मोदकांची पहिली घाणी उतरत होती, त्याच दुपारी सव्वा वाजता चंद्राभोवती फिरणारा विक्रम ऑर्बिटरपासून सुटा झाला. ज्या दिवशी चंद्र बघायचाही नाही त्या दिवशी आपण त्याच्यावर उतरायची तयारी पुरी केली. याचा अर्थ लावायचा मोह ज्यांना झाला त्यांनी पुढे लावलाच. मला त्यात योगायोगापलीकडे काही दिसत नाही. विक्रम पडला त्याची कारणं चतुर्थीपेक्षा कितीतरी रंजक आहेत, आणि ती फारशी कोणी सांगितली नाहीत.

लालबागचा या यानाशी संबंध आरासीपुरता नव्हता. १८९७ मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी कुलपं बनवायचा कारखाना काढला तो लालबागमध्येच, गॅस कंपनीशेजारच्या एका शेडमध्ये. कारखाना पुढे विक्रोळीला गेला, कुलपांची कपाटं झाली, आणि कपाटं करणाऱ्या त्याच कंपनीच्या अवकाश विभागात चांद्रयान-२ ला उचलणाऱ्या रॉकेटची ‘विकास’ आणि क्रायोजेनिक इंजिनं घडली. १५ जुलै २०१९ च्या पहाटे उड्डाण होणार होतं, ते तांत्रिक बिघाडामुळे ५६ मिनिटं आधी थांबवलं गेलं. आठवड्याने, २२ जुलैला दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी श्रीहरिकोटाहून ते रॉकेट उडालं आणि त्याने आपलं काम चोख केलं.

दक्षिण मुंबईला तर चंद्राचा शेजार याहून जुना. नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स हे तिघे १९६९ मध्ये जगाच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा ऑक्टोबरात मुंबईतही आले होते. त्या गर्दीच्या आठवणी सांगणारी माणसं गिरगावात अजून भेटतात. त्यानंतर लवकरच खुद्द चंद्रच कुलाब्याला आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल, नरेंद्र भंडारी आणि त्यांचे सहकारी अपोलो यानांनी आणलेल्या चंद्राच्या मातीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. वैश्विक किरणांनी लाखो वर्षं त्या कणांत कोरून ठेवलेले माग ते वाचत होते. त्या परंपरेत तयार झालेले जितेंद्रनाथ गोस्वामी पुढे चांद्रयान-१ चे प्रमुख वैज्ञानिक झाले. त्या यानातून १४ नोव्हेंबर २००८ रोजी तिरंगा रंगवलेली एक पेटी चंद्रावर आदळवली गेली. आदळणं हेच तिचं काम होतं, ते तिने केलं.

आदळायचं नाही, हळूच टेकायचं, हे काम निराळंच आहे. आपण काही वेगळे अभागी नव्हतो हे समजायला मागचा इतिहास थोडा बघावा लागतो.

रशियाचं लुना-१ जानेवारी १९५९ मध्ये चंद्रावर आदळायला निघालं आणि त्याला चुकवून पुढे निघून गेलं. सप्टेंबरात लुना-२ आदळलं. अमेरिकेच्या रेंजर मालिकेचे हाल याहून वाईट. रेंजर-३ चुकलं, रेंजर-४ बंद पडलेल्या अवस्थेत चंद्राच्या पलीकडच्या बाजूला जाऊन आपटलं, रेंजर-६ अगदी नेमक्या जागी पोचलं, पण कॅमेरे चाललेच नाहीत. पुढच्या खेपेला, जुलै १९६४ मध्ये, पॅसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत एकाने सहकाऱ्यांना शेंगदाणे वाटले आणि रेंजर-७ यशस्वी झालं. तेव्हापासून तिथे मोठ्या मोहिमेच्या दिवशी शेंगदाणे हवेतच. इस्रोचे शास्त्रज्ञ तिरुपतीला जातात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे शेंगदाणेही लक्षात ठेवावेत.

ही सगळी आदळणारी यानं. टेकायचे प्रयत्न सुरू झाले तेव्हा १९६५ या एका वर्षात लुना-५, लुना-७ आणि लुना-८ अशी तीन यानं रशियाने चंद्रावर फोडली. ३ फेब्रुवारी १९६६ ला लुना-९ टेकलं. अमेरिकेचं सर्व्हेअर-१ त्याच वर्षी जूनमध्ये पहिल्याच झटक्यात उतरलं, पण सर्व्हेअर-२ आपटलं. सर्व्हेअर-४ चा आवाज जुलै १९६७ मध्ये उतरण्याच्या अडीच मिनिटं आधी एकाएकी बंद झाला. आणि आर्मस्ट्राँग-ऑल्ड्रिन चंद्रावर असतानाच, २१ जुलै १९६९ रोजी, रशियाचं लुना-१५ हे माती आणायला निघालेलं यंत्र चंद्राच्या दुसऱ्या भागात कोसळलं. त्याची आठवण आज कोणाला आहे? ज्या दिवशी जग माणसाच्या पावलाचा फोटो बघत होतं, त्या दिवशी एका यंत्राच्या मरणाला बातमीत किती जागा मिळणार?

आता आपल्या रात्रीकडे येऊ. २०१९ च्या गणेशोत्सवाचा तो आठवडा मुंबईला पाण्यात घालणारा होता. ४ सप्टेंबरला पावसाने शहर बंद पाडलं, लोकल रुळांवर थांबल्या, माणसं ऑफिसांत आणि स्टेशनांवर अडकली. त्याच दिवशी पहाटे विक्रमची कक्षा ३५ बाय १०१ किलोमीटरवर आणली होती. ५ ला गौरी आल्या, ६ ला गौरीपूजन. उतरण्याची वेळ ठरली होती ७ तारखेच्या पहाटे, म्हणजे नेमकी गौरीच्या जागरणाची रात्र.

मी गिरगावात माहेरी होते. आमच्याकडे गौरीला घावन-घाटलं. जेवणं उरकली, गॅलरीत बायकांच्या फुगड्या रंगल्या, आणि दीडच्या सुमाराला झिम्मा मोडून सगळ्या आमच्या खोलीत टीव्हीपुढे दाटीवाटीने बसल्या. कोणाच्या पदराला घाम, कोणाच्या मांडीवर झोपलेलं पोर, समोर मुखवट्यांच्या गौरी आणि त्यांच्या शेजारी दूरदर्शन. शेजारच्या आजींना दिसत कमी होतं, त्या दर दोन मिनिटांनी विचारत होत्या, “उतरलं का गं?”

पडद्यावर बंगळूरच्या नियंत्रण कक्षातला आलेख होता. विक्रमने ज्या वाटेने जायचं ती रेघ आधीच आखलेली, आणि तिच्यावरून सरकणारा त्याचा ठिपका. १ वाजून ३८ मिनिटांनी इंजिनं पेटली. बराच वेळ ठिपका रेघेवरून जराही ढळला नाही. मग शेवटच्या टप्प्यात तो रेघ सोडून बाजूला झाला. आमच्या खोलीतल्या कोणालाही त्या आलेखातलं काही कळत नव्हतं, तरी ते सगळ्यांना दिसलं. नंतर ठिपका थांबला. नियंत्रण कक्षात टाळ्या वाजायच्या थांबल्या, माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली.

“काय गं, उतरलं का ते?”

“नाही आजी, त्याचा आवाज येईनासा झालाय.”

त्या वेळी गिरगावच्या आभाळात चंद्र नव्हताच. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. भारताच्या क्षितिजाखाली गेलेल्या चंद्रावरचा आवाज परदेशातल्या अँटेनांनीच ऐकायचा होता. त्यासाठी नासाच्या डीप स्पेस नेटवर्कची मदत घेतलेली होती. नेदरलँड्समध्ये ड्विंगेलू इथल्या जुन्या रेडिओ दुर्बिणीवरही हौशी मंडळी विक्रमचा आवाज टिपत बसली होती. त्यांच्या आलेखातली रेघसुद्धा अशीच एकाएकी तुटली.

इस्रोचे अध्यक्ष के. सिवन यांनी जाहीर केलं की २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे होतं, त्यानंतर संपर्क तुटला. सकाळी पंतप्रधानांच्या खांद्यावर त्यांनी डोकं टेकलं तो क्षण दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर फिरत राहिला. पंतप्रधान तिथून मुंबईतच आले, विलेपार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाच्या गणपतीचं दर्शन घेतलं, मेट्रोच्या नव्या मार्गांची पायाभरणी केली. लालबागमध्ये रांग चालूच होती, राजाच्या मागे अंतराळवीर तरंगतच होते. तो देखावा मध्येच उतरवला नाही हे मला बरं वाटलं.

पुढचे दोन आठवडे विचित्र गेले. ऑर्बिटरने विक्रमला शोधलं, पण त्याच्याशी संपर्क नाही, असं इस्रोने सांगितलं. नागपूर पोलिसांनी ट्विटरवर विक्रमला साद घातली की बाबा, उत्तर दे, सिग्नल तोडल्याबद्दल आम्ही तुला दंड करणार नाही. देशभर हशा पिकला आणि डोळेही भरले. १२ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली. राजा दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीला पोचला, मंडप सुटला, पितृपक्ष लागला, तरी विक्रमला हाका मारणं चालू होतं. चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांचा. २०-२१ सप्टेंबरला विक्रमच्या जागी रात्र पडली आणि हाका थांबल्या. त्याच सुमारास मोहीम ९८ टक्के यशस्वी झाल्याचंही सिवन म्हणाले. ऑर्बिटर उत्तम चालला होता आणि पुढेही वर्षानुवर्षं चालला, त्यामुळे बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण लोकांनी जागून पाहिलं होतं ते उरलेल्या दोन टक्क्यांसाठी.

विक्रमचा ढिगारा शेवटी सापडला तो चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या तरुण इंजिनिअरला. नासाच्या ल्युनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरने काढलेले आधीचे आणि नंतरचे फोटो घरी बसून शेजारी शेजारी ठेवत त्याने एक वेगळा ठिपका हेरला. नासाने डिसेंबर २०१९ मध्ये त्याचं नाव घेऊन शोध जाहीर केला.

आणि कारण? नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेत एक लेखी उत्तर आलं. ३० किलोमीटरपासून ७.४ किलोमीटर उंचीपर्यंत पहिला टप्पा ठीक झाला, वेग सेकंदाला १,६८३ मीटरवरून १४६ मीटरवर आला. दुसऱ्या टप्प्यात वेग ठरल्यापेक्षा जास्त कमी झाला. त्यामुळे पुढच्या टप्प्याची सुरुवातच आखणीबाहेर गेली आणि विक्रम ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत जोरात आदळला. ९७८ कोटींच्या मोहिमेचा जनतेला मिळालेला अधिकृत हिशेब एवढाच, मोजक्या वाक्यांचा.

त्यातलं दुसऱ्या टप्प्याचं वाक्य पुन्हा वाचा. वेग ‘जास्त कमी’ झाला. यान पडलं म्हणजे इंजिन कमी पडलं असेल असं आपण सगळे धरून चाललो होतो. झालं होतं उलटं. याचा उलगडा व्हायला जुलै २०२३ उजाडला. चांद्रयान-३ उडायच्या तोंडावर तेव्हाचे इस्रो अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी तो केला. विक्रमची पाच इंजिनं होती. त्यांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला. त्याच वेळी खालच्या जमिनीचे फोटो घेण्यासाठी यानाला काही काळ स्थिर राहायचं होतं, त्यामुळे चूक लगेच दुरुस्त करता आली नाही; ती साचत गेली. टप्पा संपला तेव्हा साचलेली सगळी चूक एकदम सुधारायची वेळ आली. त्यासाठी यानाला झपाट्याने वळायला हवं होतं. पण किती झपाट्याने वळायचं यावर त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा घातलेली होती, कारण इतकं वळावं लागेल अशी कल्पनाच कोणी केली नव्हती. आणि तिसरी गोष्ट, उतरायची जागा फक्त ५०० बाय ५०० मीटर. तिथे पोचायचंच या आज्ञेपायी जमीन जवळ आली तरी यान वेग वाढवत राहिलं.

चंद्रापर्यंत संदेश जायला सव्वा सेकंदाहून जास्त लागतो, परत यायला तेवढाच. त्यामुळे बंगळूरहून कोणी काही करू शकत नव्हतं. जे ठरवायचं ते विक्रमलाच. आणि विक्रमने दिलेल्या आज्ञा शेवटपर्यंत पाळल्या. चूक होती ती आज्ञांत.

चांद्रयान-३ ची सगळी आखणी या कारणांवरून झाली. काय काय बिघडू शकतं ते आधी मांडायचं आणि तरीही यान कसं उतरेल ते बघायचं. पाचवं, मधलं इंजिन काढलं. उतरायची जागा ४ बाय २.४ किलोमीटर केली. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, वेग मोजणारं लेझर यंत्र बसवलं, सॉफ्टवेअरची मर्यादा सैल केली. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी दुसरा विक्रम टेकला, तेव्हा दादर स्टेशनच्या पुलावर घरी निघालेली माणसं मोबाइलभोवती कोंडाळं करून उभी होती. चारच दिवस आधी रशियाचं लुना-२५ चंद्रावर कोसळलं होतं; इंजिन ८४ सेकंद चालायचं ते १२७ सेकंद चाललं. १९६६ मध्ये जगात पहिल्यांदा टेकलेल्या देशाचं हे.

त्या वर्षी चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि घराघरांत चंद्र आला. थर्माकोलवर बंदी, म्हणून पुठ्ठा, कागदाचा लगदा आणि शाडू. परळच्या एका चाळीत मी एका मुलीला चंद्र करताना पाहिलं. शाडूच्या ओल्या थरावर वाटी दाबून मोठी विवरं, बाटलीच्या बुचाने मधली, आणि अगदी बारीक विवरांसाठी काडेपेटीच्या काडीचं टोक. मिठाईच्या खोक्यातल्या सोनेरी कागदाने तिने विक्रम मढवला होता. पाय चार, इंजिनं चार. इंजिनं तिने मोजून लावली होती, आणि पाचवं का नाही ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. लालबागच्या राजाची आरास मात्र त्या वर्षी रायगडाची, शिवराज्याभिषेकाचं ३५० वं वर्ष म्हणून. यान पडलं त्या वर्षी राजाच्या मागे चांद्रयान आणि उतरलं त्या वर्षी रायगड, हे कोणी ठरवून केलं असतं तरी जमलं नसतं.

माझी तक्रार एवढीच की त्या मुलीला पाचव्या इंजिनाची गोष्ट कळायला चार वर्षं थांबावं लागलं, आणि तीही अध्यक्षांच्या भाषणातून तुकड्यातुकड्यांत. लालबाग-परळच्या गल्लीतलं लहानसं मंडळही उत्सव झाला की जमाखर्चाचा अहवाल छापतं. वर्गणी देणाऱ्याला तो मिळतो, तूट आली असेल तर तूटही त्यात असते, आणि चाळीतले आजोबा चष्मा लावून ती वाचतात. विक्रम का पडला हे शोधणाऱ्या समितीचा पूर्ण अहवाल मात्र वर्गणीदारांपुढे आलेला नाही. त्यात सुरक्षेची गुपितं असतील तर ती झाकावीत. आलेख, आकडे आणि चुकांची साखळी झाकायचं कारण नाही. रेंजर-६ फसलं तेव्हा नासाला अमेरिकन संसदेपुढे सगळ्यांसमक्ष उत्तरं द्यावी लागली, आणि पुढचं यान त्यामुळे काही बिघडलं नाही.

त्या समितीचे अध्यक्ष होते व्ही. नारायणन. जानेवारी २०२५ पासून तेच इस्रोचे अध्यक्ष आहेत. तेव्हा मागणी कोणाकडे करायची हा प्रश्नही उरलेला नाही: नारायणनसाहेब, तुमचा तो अहवाल छापा, आणि त्याची एक मराठी प्रतही काढा.